भामरे सरांची परात

भामरे सरांना भांड्यांच्या दुकानात सोबत न्यायचं नाही, असा आमच्या देवपुरातल्या कॉलनीतल्या बायकांनी एकमताने ठराव केला होता. सर माझे सख्खे शेजारी. धुळ्याच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी गणित शिकवायचो तिथेच ते अँटेना शिकवायचे, त्यामुळे या ठरावाला कारण झालं ते माझंच घर. नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझ्या बायकोला आहेरासाठी एक ताट घ्यायचं होतं. सर फाटकातूनच म्हणाले, "वहिनी, मी येतो की. मला भांड्यातलं कळतं."

बायको बिचारी फसली. दुकानात शिरल्याबरोबर सरांनी पहिलं ताट उचललं, मधोमध एका बोटावर तोललं आणि काठावर टिचकी मारली. टण्ण! मग तेच ताट काठाला चिमटीत धरून मध्ये टिचकी मारली. टुंग! मग दुसरं ताट. मग तिसरं. दुकानदार आधी कौतुकाने बघत होता, मग कपाळाला हात लावून बसला.

"मास्तर, तडा नही शे त्याले! मी सांगी ऱ्हायनू ना!"

"तडा नाही हो बघत," सर म्हणाले. "याच्यात सूर किती आहेत ते बघतोय."

"सूर? तुम्हले जेवनं शे का भजन करनं शे?"

आमचा आहेर त्या दिवशी राहिला. सर मात्र दुकानातून बाहेर पडताना असे खुशीत होते, जसं काही दिवाळीची खरेदी आटोपून निघालेत. रस्त्याने त्यांनी बायकोला अँटेनाचं सगळं शास्त्र सांगून टाकलं. भांडं एकच असतं, पण ते दोन-तीन तऱ्हांनी थरथरू शकतं. कुठे धरता आणि कुठे मारता, यावर सूर ठरतो. धातूच्या पत्र्यावर वीज खेळवली की तोही असाच तऱ्हेतऱ्हेने थरथरतो, आणि प्रत्येक तऱ्हेची लहर वेगळ्या दिशेला जाते. मग दोन कामांना दोन अँटेना कशाला? भांडं एक, सूर दोन. हे 'भांडं एक, सूर दोन' इतक्या वेळा त्यांच्या तोंडून ऐकलंय, की आजही घरात कुणाच्या हातून वाटी पडली की मला ते ऐकू येतं.

इंग्रजी पुस्तकांत या तऱ्हांना 'मोड' म्हणतात. सरांनी हा शब्द वर्गात वर्ज्य केला होता. पहिल्याच वर्षी त्यांनी फळ्यावर 'मल्टी-मोड अँटेना' असं लिहिलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मटकीला येतात तसे?" वर्ग इतका हसला, की तास तिथेच संपला. रागावतील ते सर कसले! स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी हा किस्सा आम्हाला स्वतःच सांगितला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि तेव्हापासून मोडाला 'तऱ्हा' म्हणायला लागले.

दिसायला सर म्हणजे एक छोटेखानी प्रकरण होतं. फळ्याच्या वरच्या भागापर्यंत हात पुरायचा नाही, म्हणून वर्गात एक लाकडी खोकं ठेवलेलं असे. त्यावर चढून लिहायचे, उतरून समजावायचे, पुन्हा चढायचे. उंचीवरून कुणी चेष्टा केली, तर म्हणायचे, "मी कॉम्पॅक्ट डिझाइन आहे. जागा कमी, काम तेवढंच." उंच अँटेनांवर त्यांचा खराखुरा राग होता. गच्च्यांवरचे ते टीव्हीचे सांगाडे बघून म्हणायचे, "हे काय शे? कपडे वाळत घालायला दांड्या उभ्या केल्यात नुसत्या!" घरात वापराची कुठलीही वस्तू एकाच कामाची असली, की त्यांना ती आळशी वाटायची. त्यांच्या छत्रीच्या दांड्यावर फुटपट्टीच्या खुणा होत्या. डब्याचं झाकण उलटं केलं की वाटी व्हायचं. स्कूटरच्या सीटखाली त्यांनी असं काहीतरी करून ठेवलं होतं, की इंजिनाच्या उष्णतेवर भाजी गरम राहावी. भाजी गरम राहायची हे खरं, पण तिला पेट्रोलचा असा वास यायचा, की स्टाफरूममध्ये डबा उघडला म्हणजे सिगारेट ओढणारे लांब जाऊन बसायचे.

एकदा तर त्यांनी कमालच केली. तऱ्हा म्हणजे काय हे पोरांना नुसतं सांगून कळेना, म्हणून त्यांनी वर्गाला फर्मावलं: उद्या प्रत्येकाने घरून, नाहीतर मेसमधून, एक ताट आणायचं. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग ताटं घेऊन हजर. सर खोक्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "मध्ये धरा, काठावर मारा!" ते दिवस मोर्च्यांचे होते. थाळ्या बडवत निघालेला मोर्चा कुणालाही लांबूनच ओळखू यायचा. आमच्या प्रिन्सिपॉलांनीही तो बरोब्बर ओळखला. ते शिपायाला घेऊन धावतपळत वरच्या मजल्यावर आले आणि दारातूनच दोन्ही हात वर करून म्हणाले, "शांत व्हा! आपण चर्चा करू. तुमच्या मागण्या काय आहेत?"

ताटं थांबली. मग मघाचाच तो मटकीवाला उठला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, परीक्षा पुढे ढकला."

"विचार करतो," असं प्रिन्सिपॉल म्हणून गेले, आणि मग त्यांचं लक्ष खोक्यावरच्या भामरे सरांकडे गेलं. सर शांतपणे म्हणाले, "आत्ता फक्त पहिली तऱ्हा झाली आहे, सर. दुसरी ऐकून जा ना." प्रिन्सिपॉलांनी खरंच ऐकली. बसून ऐकली. मला वाटतं, सरांवर कुणाला फार वेळ चिडता यायचं नाही, कारण आपण चिडलोय हे त्यांच्या लक्षातच यायचं नाही.

वर्गात आणि आमच्याशी ते बोलायचे ते शहरी मराठी. पण आनंद झाला, राग आला किंवा आई समोर आली, की अहिराणी सुरू. आई म्हणजे अक्का. सगळी कॉलनी त्यांना अक्काच म्हणायची. अमळनेर तालुक्यातलं गाव सोडून त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. येताना एक तांब्याची परात आणली होती, त्यांच्या सासूच्या वेळची. तीत त्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ मळायच्या. अक्का मुलापेक्षाही बुटक्या होत्या, पण घरात उंच कोण याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

अक्कांना एकच काळजी होती, मंदाची. मंदा सरांची धाकटी बहीण. शिरपूरच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक धर्मादाय दवाखाना होता. त्याचं एक उपकेंद्र डोंगरातल्या एका पाड्यावर होतं आणि तिथे मंदा एकटी नर्स होती. वीज नाही, फोन नाही, पावसाळ्यात रस्ताही नाही. पाड्यातल्या बाया तिला जीव लावायच्या, ती खूश होती. पण एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि तो उतरून गेल्यावरच घरी कळलं. अक्कांनी त्या दिवशी परातीत पीठ मळता मळता निकाल देऊन टाकला. मी आणि बायको तिथेच होतो.

"मी काय सांगस ते ऐक. पोरगीना आवाज माले मना कानवर ऐकू उना, तं ऱ्हाऊ दे तिले तठे. नही तं दिवाळीनंतर सरळ घर!"

मंदाला नोकरी सोडायची नव्हती. ती सोडायला लागली असती तर तिचं काय झालं असतं, हे सरांना चांगलं ठाऊक होतं. ते नेहमीसारखे हसले नाहीत. "येई आवाज, अक्का," एवढंच म्हणाले.

आवाज येण्याची व्यवस्था अर्धी तयार होती. दवाखान्याने वायरलेसचे संच मिळवले होते. एक दवाखान्यात, एक मंदाकडे आणि एक डॉक्टरांच्या जीपमध्ये. डोंगरमाथ्यावर एक पेटी बसवली होती. ती मंदाचा आवाज दरीतून उचलायची आणि पुढे द्यायची. अडचण जीपची होती. डॉक्टर दिवसभर जीपमध्ये पाड्यापाड्यांवर फिरणार, म्हणजे मंदाची हाक ऐकायची ती जीपनेच. आणि जीपवर लावलेली अँटेनाची उंच काठी जंगलातल्या वाटेवर फांद्यांत अडकून दर फेरीला मोडायची. शिवाय काठ्या दोन लागायच्या: एक सपाटीवरच्या दवाखान्याशी बोलायला, एक वर डोंगराशी बोलायला.

सरांना हे कळलं, तेव्हा ते आमच्या घरी असे आले, जसा काही त्यांचा सत्कार ठरलाय. "गणितवाले, हे माझंच काम आहे! जीपच्या टपावर एक चपटं भांडं उपडं ठेवायचं. एका तऱ्हेत ते चहूकडे बोलेल, दुसऱ्या तऱ्हेत वर बघेल. फांदी येऊ दे, नाही तर वानर येऊन बसू दे!"

भांडं केवढं हवं याचा हिशेब आम्ही दोघांनी त्यांच्या घरी बसून केला. म्हणजे हिशेब मी केला, आणि आकडा बघून सर एकदम स्वयंपाकघराकडे बघायला लागले. माप हुबेहूब अक्कांच्या परातीचं निघालं होतं.

"हात तं लाई पाहाय!" आतून अक्का म्हणाल्या. त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, पण आपला मुलगा भांड्याकडे कुठल्या नजरेने बघतो हे त्या ओळखून होत्या.

मग सरांनी बाजारातून तशीच नवी तांब्याची परात आणली. (ती त्यांनी सगळ्या दुकानांत वाजवून आणली, हे सांगायला नको.) हिशेबात धरल्या होत्या तशा काठापासून आतपर्यंत करवतीने काही चिरा पाडल्या. का, तर पत्र्यावरून पळणाऱ्या विजेला चिरांना वळसा घालून जावं लागतं. वाट लांबली, की सूर खाली येतो, आणि लहान परात मोठ्या परातीचं काम करते. उंची नसलेल्या माणसाने काढलेली ही युक्ती मला फार आवडली. कॉलेजच्या लॅबमध्ये यंत्राला जोडून आम्ही ती तपासली. दोन्ही सूर जिथे हवे तिथेच लागले. सर खोक्यावर चढून नाचले. येत्या रविवारी जीपवर चाचणी ठरली आणि अक्का स्वतः ऐकायला येणार हेही ठरलं.

शनिवारी दुपारी सर परात घरी घेऊन आले, ओट्याशेजारी ठेवली आणि शाळकरी मुलासारखे गाढ झोपी गेले. त्याच वेळी गल्लीत कल्हईवाला आला.

अक्कांच्या जागी कुणीही असतं, तरी तेच केलं असतं. तांब्याचं नवं भांडं, आणि बिनकल्हईचं! त्यात ताक ठेवलं तर कळकून जाईल, घरादाराला बाधेल. शिवाय उद्या ते डॉक्टरांसमोर न्यायचं. आणि वर त्याला काठापासून चिरा पडलेल्या. दुकानदाराने आपल्या भोळ्या पोराला फुटकं भांडं गळ्यात मारलं, यात अक्कांना काही शंका उरली नाही. मी ओसरीतून बघत होतो, पण मला वाटलं कल्हई चाललीय ती अक्कांच्या जुन्या परातीला. कल्हईवाल्याने भाता चालवला, नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्याने परात चांदीसारखी केली. सरांना जाग आली ती नवसागराच्या वासाने. बाहेर येऊन ते परातीकडे बघतच राहिले.

"फसाडं रे तुले दुकानदारनी," अक्का कौतुकाने म्हणाल्या. "चिराच चिरा पडेल व्हत्यात. मी बठ्ठास्ले डाग लाई लिधा. आते थेंब गळाव नही!"

"अक्का," सर कसेबसे म्हणाले, "त्या चिरा मी पाडेल व्हत्यात."

"तू?" अक्का थक्क झाल्या. "चांगला भांडाले? कसाले?"

काय होणार याची मला धास्ती वाटली. महिनोन्महिने केलेलं काम, उद्या चाचणी, लॅब सोमवारपर्यंत बंद. सरांचा चेहरा क्षणभर खरंच पडला. मग त्यांनी परात उचलली, बोटावर तोलली, टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि खदखदून हसायला लागले. इतके, की कल्हईवालाही भाता सोडून हसायला लागला. "काम एकदम पक्कं केलंय हो बाबा तुम्ही," सर त्याला म्हणाले. "आता हे मोडायला मला रात्र पुरणार नाही."

ते खरंच निघालं. करवतीने त्यांनी चिरा पुन्हा मोकळ्या केल्या, पण चिरांच्या टोकांना कथील असं घट्ट बसलं होतं, की तिथपर्यंत पातं जाईना. टोकं बुजलेली राहिली म्हणजे वाट तेवढी आखूड झाली, म्हणजे सूर थोडा वर सरकला. किती, ते मोजणार कसं? "जाऊन बघू," सर म्हणाले. अक्का त्या रात्री भाकरी थापता थापता सारख्या करवतीकडे बघत होत्या. त्यांना चाचणी फसायला हवी होती असं मुळीच नव्हतं. मुलीला घरी आणायचं ते रागाने नव्हे तर काळजीने, आणि आता आपल्याच हातून हे झालं, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

पुढचं थोडक्यात आधीच सांगून टाकतो. ती परात नंतर नीट झाली आणि जीपच्या टपावर पुष्कळ वर्षं फिरली. तिच्यावर खरोखरच वानरं बसायची असं डॉक्टर सांगायचे. मी पुढच्याच उन्हाळ्यात जळगावच्या कॉलेजात गेलो, सर पुढे गुजरातेत गेले, आणि भेटू भेटू म्हणता भेट झाली नाही. त्यामुळे भामरे सर म्हटलं की मला ते दिसतात त्या रविवारचे.

जीप डोंगराच्या कुशीतल्या एका वळणावर उभी होती. आत पुढे डॉक्टर आणि सर, मागे अक्का आणि मी, टपावर चकचकीत परात उपडी. डॉक्टरांनी बटण दाबलं आणि दवाखान्यातला माणूस असा खणखणीत बोलला, की अक्का दचकल्या. पहिली तऱ्हा झाली. मग डॉक्टरांनी डोंगराकडची कळ फिरवली. नुसती खरखर. पुन्हा हाक दिली. पुन्हा खरखर. अक्कांनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

सर खाली उतरले, बॉनेटवर पाय देऊन टपावर चढले. वर काय करत होते ते आम्हाला दिसत नव्हतं. एकदम खरखरीतून बाईचा आवाज उमटला आणि गेला.

"आला!" डॉक्टर ओरडले. "सर, आत्ता काय केलंत?"

"काठाजवळ हात नेला फक्त!" वरून उत्तर आलं. "हात जवळ आला, की सूर खाली उतरतो. थांबा!"

मी दार उघडून बाहेर आलो. सर तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून बसले होते. दोन्ही तळहात परातीच्या काठाशी, न टेकवता, कुणाला आशीर्वाद द्यावा तसे धरले होते. हात जरा हलला की खरखर, स्थिर झाला की आवाज. आणि मग आवाज स्थिर झाला.

"...बाळ आणि बाळंतीण दोघं ठीक आहेत. बाळाने दूध घेतलं. टाके घालावे लागले नाहीत. उद्या आलात तर लोहाच्या गोळ्या आणा, संपत आल्यात. ओव्हर."

"हाई कोन शे?" अक्कांनी मला विचारलं.

"तुमची मंदा, अक्का."

अक्का त्या वायरलेसच्या संचाकडे बघत राहिल्या. घरात "माय, माले भूक लागनी" म्हणत येणारी पोरगी ही नव्हतीच. ही कुणीतरी जबाबदार बाई होती, जिच्या हातून आत्ता एक बाळ जन्माला आलं होतं आणि जी डॉक्टरांना काय आणायचं ते सांगत होती. अक्कांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. माझीही तीच गत झाली होती, हे लपवत नाही. डॉक्टरांनी बोलायचं यंत्र त्यांच्यापुढे धरलं. "बोला अक्का. लेक ऐकतेय."

अक्कांनी हात मागे घेतला. "नको. तिले काम करू द्या." मग म्हणाल्या, "फक्त इतलं सांगा, दिवाळीले ये म्हना, चार दिवस ऱ्हाय. मंग जाय परत."

डॉक्टरांनी तसंच सांगितलं. मग मंदा बोलायला लागली, आणि या वेळी ओव्हर-बिव्हर सगळं विसरून अहिराणीत बोलायला लागली, भराभर, हसत, मध्येच रडत.

टपावर ऊन मी म्हणत होतं. सरांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता, पण तो पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते. आतला आवाज वाऱ्यामुळे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

"अक्का!" ते वरून ओरडले. "काय सांगी ऱ्हायनी ती? माले काहीच ऐकू येत नही!"

अक्कांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वर बघून मुलाला दरडावलं, "तुले काय करनं शे ऐकीसन? हालू नको तू! ती बोली ऱ्हायनी!"